कुत्रा मंडळाची वर्गणी

आमच्या कुत्र्याचं वय मी बारा वर्षं सांगितलं, तेव्हा तो सात वर्षांचा होता. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. माझ्या आधी वर्कशॉपच्या फोरमनने आपल्या कुत्र्याचं वय नऊ सांगितलं, टेबलाभोवतीचे दोघंतिघं ‘अरे वा’ म्हणाले, आणि माझ्या तोंडून बारा निघून गेलं. बरं, रजिस्टरही माझ्याच पुढ्यात. म्हणजे मीच विचारलं, मीच सांगितलं आणि मीच सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

हे कसं झालं ते कळायला माझी नोकरी सांगायला हवी. राहात्याजवळच्या एका साखर कारखान्यात मी टाइम ऑफिसला कारकून होतो. कोण कामावर कधी लागला, कोणाची जन्मतारीख काय, कोण निवृत्त कधी होणार, हे सगळं माझ्या कपाटात. सेवाज्येष्ठतेची यादी दर जुलैत मी स्वतः शाईने लिहीत असे. त्या यादीत ज्याची वर्षं जास्त, त्याला क्वार्टर आधी, बढती आधी, कॉलनीतल्या लग्नात पहिल्या पंगतीला पाटही आधी. दहा वर्षं असल्या यादीवर मान खाली घालून बसलेल्या माणसाला, ‘वय’ नावाचा असा एक रकाना असतो की ज्यात आकडा वाढला तर तोटा होतो, हे सुचावं तरी कसं? मी कुत्र्याची पाच वर्षं वाढवली ती त्याच्या भल्यासाठीच. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

आता हे रजिस्टर कसलं, तर कुत्रा मंडळाचं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला केमिस्टसाहेबांच्या कुत्र्याने एका गाडीवानाची पोटरी धरली. उसाच्या बैलगाड्या नुकत्या यायला लागल्या होत्या. त्या काळी कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक, आणि तीही तालुक्याला जाऊन. गाडीवान म्हणाला, माझी गाडी चौदा दिवस उभी राहणार, त्याचं काय? मग तो, त्याची बायको आणि दोन बैल, असे सगळे चौदा दिवस केमिस्टसाहेबांच्या अंगणात राहायला आले. इंजेक्शनांचा खर्च, मजुरी, जेवण आणि वैरण, सगळं साहेबांकडे. चौदाव्या दिवशी बैलांनी अंगणातली शेवंती खाल्ली आणि मंडळी परत गेली. साहेब तोवर निम्मे झाले होते.

आमच्या भागात तेव्हा चार माणसं एका अडचणीत सापडली की संध्याकाळपर्यंत त्यांची सहकारी संस्था व्हायची. ऊस सहकारी, दूध सहकारी, किराणा सहकारी. मग कुत्र्यांनीच काय घोडं मारलंय? असं फोरमनच म्हणाले. कॉलनीत नऊ घरी नऊ कुत्री होती. क्लबच्या खोलीत नऊ मालक जमले. फोरमन अध्यक्ष झाले, कारण ते आधीपासूनच टेबलाच्या त्या टोकाला बसले होते. केमिस्टसाहेब उपाध्यक्ष, दोन संचालक, आणि अक्षर चांगलं म्हणून मी सेक्रेटरी. नऊ जणांत पाच पदाधिकारी. उरलेल्या चौघांनी सर्वसाधारण सभासद व्हायचं मोठ्या मनाने कबूल केलं.

दर कुत्र्यामागे महिना दोन रुपये वर्गणी ठरली. कुत्रा कोणाला चावला तर औषधपाण्याचा खर्च मंडळ देणार. कुत्रा स्वतः आजारी पडला तर निम्मा खर्च मंडळाचा, निम्मा मालकाचा. एवढं सरळ होतं. घरी येऊन मी बायकोला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“म्हणजे कुत्रा आजारी पडला नाही तरी पैसे द्यायचे?” ती म्हणाली.

“हो. तोच तर त्यातला मुद्दा आहे.”

“आणि पडला तर?”

“तरी द्यायचे. पण मग निम्मे मिळतील.”

“आणि आतापर्यंत सात वर्षांत तो किती वेळा आजारी पडला?”

मी आठवून बघितलं. एकदा. धाकटीने त्याला चिक्की चारली होती तेव्हा. बायको परत तांदूळ निवडायला लागली, आणि त्याला बारा वर्षांचा केल्याचं मी तिला सांगितलं नाही.

ती कुत्र्याला ‘बाळा’ म्हणायची. दोन्ही मुलींनाही बाळाच म्हणायची, त्यामुळे एक हाक मारली की तिघंही यायची आणि कुत्रा सगळ्यांत आधी पोचायचा. रंगाने गुळाच्या ढेपेसारखा, एक कान उभा, एक पडलेला. जात विचारली तर आम्ही ‘गावठी’ म्हणत असू. केमिस्टसाहेब मात्र त्याला ‘स्थानिक’ म्हणायचे.

पुढे जे झालं ते मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मंडळ होण्याआधी कॉलनीतली कुत्री आजारी पडत नसत. पडली तर कोपऱ्यात जाऊन पडायची, दोन दिवस गवत खायची आणि तिसऱ्या दिवशी उठून भुंकायची. मंडळ झालं आणि सगळी एकदम नाजूक झाली. एकाला शिंका, एकाला खरूज, एकाचं म्हणे जेवणात लक्ष नाही. जो तो आपापलं कुत्रं घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जायला लागला. तिथले डॉक्टर बिचारे बैलांत वाढलेले. औषधाची बाटली देताना सांगायचे, “बैलाला अर्धी देतो. तुम्ही आपल्या अंदाजाने द्या.”

चावण्याचंही तेच. पूर्वी कुत्रा अंगावर धावला तर माणसं दगड घ्यायची. आता पायजमा वर करून आधी सेक्रेटरीकडे यायची. एक जण तर मला खरचटलेलं दाखवून म्हणाला, “हे तुमच्यातल्या कुठल्या कुत्र्याचं ते तुम्हीच ठरवा.”

महिन्याभरातच गंगाजळी आटली. सभा झाली आणि वर्गणी तीन रुपये झाली. तीन झाली तशी लोक म्हणायला लागले, तीन भरतोय तर दवाखान्यात जाऊन तरी येऊ. मग ती चार झाली. चारला दोन सभासद म्हणाले, आमची कुत्री ठणठणीत आहेत, आम्ही निघालो. ते निघाले म्हणून उरलेल्यांची पाच झाली. म्हणजे ज्यांचे कुत्रे काही खर्च करत नव्हते तेच गेले, आणि खर्चिक तेवढे राहिले. मी रजिस्टर घेऊन तास तास बसायचो. पाचशे माणसांचा पगार मी पैशाला पैसा जुळवत असे, पण सात कुत्र्यांपुढे माझी मती चालेना.

तेव्हा केमिस्टसाहेबांनी शास्त्रीय तोडगा काढला. ते म्हणाले, सगळ्यांना एकच दर हे चुकीचं आहे. उसाचाही भाव साखरेचा उतारा बघून ठरतो. म्हातारा कुत्रा जास्त आजारी पडणार, त्याने जास्त भरावं. दहाच्या पुढे दुप्पट वर्गणी. आणि ज्याला बारा वर्षं पूर्ण होऊन तेरावं लागेल, त्याला मंडळाने आजारपणाचा खर्च देऊच नये. फक्त तो चावला तर द्यावा. शिवाय हिशोबाला सोपं जावं म्हणून एक जानेवारीला सगळ्या कुत्र्यांचं वय एकाने वाढेल.

ठराव मी लिहीत होतो. ‘तेरावं’ हा शब्द लिहिताना मला रजिस्टरातला आमचा बारा आठवला. सगळ्यांनी हात वर केले, आणि हात वर दिसले की आपलाही करायचा ही टाइम ऑफिसची सवय. मीही केला. एकमताने मंजूर. बाहेर आल्यावर मी फोरमनना बाजूला घेतलं.

“अध्यक्ष, एक घोळ झालाय. आमचा कुत्रा खरं तर सातचा आहे.”

“रजिस्टरात किती आहे?”

“बारा.”

“लिहिलं कोणी?”

“मी.”

“मग?” ते माझ्याकडे बघत राहिले. “सेक्रेटरी, तुम्ही टाइम ऑफिसचे. एकदा रजिस्टरला लागलेलं वय बदलत नाही, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. तुमच्या कुत्र्याचं बदललं तर उद्या अख्खा कारखाना तुमच्या खिडकीशी उभा राहील.”

त्यांचं खोटं नव्हतं. मुख्य गेटवर एक वॉचमन होता. कागदोपत्री त्याला त्या उन्हाळ्यात निवृत्ती होती. तो गेली दोन वर्षं अर्ज आणून द्यायचा. “भाऊसायेब, साळंत मी गेल्तो न्हाई. भरतीच्या टायमाला कोन्या सायबानं मिशा बघून वय लिव्हलं. माजी चार-पाच वर्सं तरी जादा लागली हायेत.” मी प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणून अर्ज परत करायचो. ते वाक्य मला फार भारदस्त वाटायचं.

तर अशा रीतीने आम्ही आमच्या सात वर्षांच्या कुत्र्यासाठी दुप्पट वर्गणी भरायला लागलो. जानेवारीत त्याला तेरावं लागलं. मग तर दुप्पट भरूनही आजारपणाचं काही मिळणार नव्हतं. हे मी बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी समजावता आलं नसतं.

आणि फेब्रुवारीत तो गाडीखाली आला.

भर दुपारची वेळ. गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली. पुढची गाडी हलली, बैल मागे सरकले आणि उसाने भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या मागच्या पायावरून गेलं. तो ओरडला नाही. तीन पायांवर चालत घरी आला आणि चुलीपाशी बसला. त्या बाजूला त्याला एरवी मज्जाव होता. बायकोने एकदा पाय बघितला, मुलींच्या दप्तरांतून दोन लाकडी फुटपट्ट्या काढल्या, दोन बाजूंनी लावल्या आणि जुन्या पातळाच्या पट्टीने बांधल्या. दवाखान्यातल्या बैलवाल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, “हाड सरकलंय. भूल देऊन बसवावं लागेल, वर प्लास्टर. माझ्याकडे होणार नाही. नगरला न्या, उद्याच न्या. आठ दिवस गेले तर पाय गेला.”

दुसऱ्या दिवशी सुटे भाग आणायला कारखान्याचा ट्रक नगरला जाणार होता. फोरमननी आम्हाला केबिनमध्ये जागा दिली. वर म्हणाले, “मंडळाचा फॉर्म भरून न्या. त्यावर डॉक्टरची सही लागेल. तेराच्या पुढचं काय ते मागाहून सभेत बघू.” मी फॉर्म भरला. रजिस्टरशी जुळायला हवा म्हणून वयाच्या रकान्यात तेरा लिहिलं. इतकी वर्षं जे रजिस्टरात तेच फॉर्मवर, हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

नगरपर्यंत तो बायकोच्या मांडीवर होता. राहुरीपाशी ट्रक खड्ड्यातून गेला तेव्हा त्याने तिचं मनगट तोंडात धरलं, पण दाबलं नाही.

तिथले डॉक्टर वयस्कर होते, शांत. त्यांनी पट्टी सोडली, फुटपट्ट्यांवरची मुलींची नावं वाचली, त्या नीट बाजूला ठेवल्या. मग पाय चाचपून म्हणाले, “बसेल.” माझ्या जिवात जीव आला. सहीसाठी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि पेन खाली ठेवलं.

“तेरा वर्षांचा आहे?”

मी फॉर्मकडे बघितलं.

“मग भूल देणं बरोबर नाही. या वयात ती सोसत नाही, आणि हाडही लवकर धरत नाही. आहे तसा राहू द्या. फारच त्रास व्हायला लागला तर मग...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

आता खरं बोलायला मला किती वेळ लागावा? माझ्या मते मी लगेच बोलणार होतो. बायकोच्या मते मी भिंतीवरचं गाईचं चित्र बघत उभा होतो. डोक्यात एवढंच चाललं होतं की सात म्हणालो तर रजिस्टर खोटं, रजिस्टर खोटं तर माझी सही खोटी, आणि तेरा म्हणालो तर कुत्रा लंगडा. हे दोन्ही एकाच तराजूत टाकून मी उभा होतो, हे लिहायला आज लाज वाटते.

“सात,” बायको म्हणाली. “धाकटीच्या बारशाच्या दिवशी आला. ती आता दुसरीत आहे.”

“मग हे तेरा कोणी लिहिलं?”

“यांनी.”

“हे कोण?”

“मंडळाचे सेक्रेटरी,” ती म्हणाली. नवरा म्हणाली नाही.

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि तिसऱ्याचा जबडा उघडला. खिडकीपाशी नेऊन पुढचे दात पाहिले, दाढा पाहिल्या, बोटाने एक दात हलवून पाहिला. “सहा, फार तर सात,” ते म्हणाले. “बाई बरोबर आहेत.” मग त्यांनी माझा तेरा खोडला, वर सात लिहिलं, बाजूला सही केली आणि भुलीचं औषध आणायला चिठ्ठी दिली. सगळं धरून चाळीस रुपये झाले. ते बायकोने पिशवीच्या तळातून काढून दिले. ते तिच्याकडे कुठून आले हे विचारायची ती वेळ नव्हती.

परत येईतो दिवस कलला होता. कुत्रा प्लास्टर घालून भुलीत पडलेला, जीभ बाहेर. गेटवर ट्रक थांबला. वॉचमनने आत डोकावून बघितलं.

“वाचंल का, भाऊसायेब?”

“वाचेल. सातच वर्षांचा आहे म्हणाले डॉक्टर.”

“सात? आन् कागदावं तर तेरा हुतं म्हनत्यात.”

“खोडलं ते.”

“कशावरनं खोडलं?”

“दात बघून.”

तो आणखी पुढे आला. मग केबिनच्या खिडकीला हात लावून म्हणाला, “मग माजं बी बघा की. आजून समदं हायेत.” आणि त्याने खरंच तोंड उघडलं. थट्टा होती की नव्हती, मला ठरवता आलं नाही. मी बघितलं. सगळे होते. बायको दुसरीकडे बघत होती, पण तिचा कान आमच्याकडेच होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा अर्ज मागवून, वैद्यकीय तपासणीची शिफारस करून वर पाठवला. ते रजिस्टरचं वाक्य पुन्हा म्हणवेना. तपासणी होऊन त्याला तीन वर्षं वाढवून मिळाली. बातमी पसरायला कितीसा वेळ? आठवडाभर माझ्या खिडकीशी लोक तोंड उघडून उभे राहत होते.

मंडळाची सभा त्यानंतर झाली. फॉर्म मांडला. केमिस्टसाहेब म्हणाले, दातांवरून वय ठरतं हे शास्त्रशुद्ध आहे, मग सगळ्याच कुत्र्यांचे दात बघा. बैलवाल्या डॉक्टरांना बोलावलं. क्लबच्या व्हरांड्यात सात कुत्री ओळीने बसवली आणि निष्पन्न झालं ते असं, की आमचा सोडून बाकी सहाही जण रजिस्टरात लिहिल्यापेक्षा म्हातारे होते. दहाच्या जागी बारा, सातच्या जागी अकरा. म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं की वय कमी सांगायचं असतं. कोणी कोणाला न विचारता सगळ्यांना कळलं होतं. एक मीच उलट्या बाजूला गेलो होतो.

नव्या वयांप्रमाणे बहुतेकांची वर्गणी दहा रुपये झाली. दहा ऐकल्यावर केमिस्टसाहेब उठले, आणि त्यांच्या मागोमाग आणखी चार जण. मंडळात अध्यक्ष आणि सेक्रेटरी उरले. फोरमननी तरी सभा बरखास्त केली नाही. माझ्या चाळीसचे निम्मे, वीस रुपये, रीतसर मंजूर केले. मी ते मंजूर झाल्याचं लिहिलं. मग पेटी उघडली तर आत सात रुपये.

“तेरा कमी पडतात,” फोरमन म्हणाले. “सभासदांकडून जादा वर्गणी घेऊन भरून काढू.”

“सभासद आपण दोघंच.”

“तेही खरंच.” त्यांनी जरा विचार केला. “माझं म्हणाल तर माझा राजीनामा घ्या. दहा रुपये मला झेपत नाहीत. म्हणजे तेरा तुमचेच. ते पेटीत टाका, की तिथल्या तिथे वीस उचला. नियमाने सगळं बसतं.”

मी तेरा रुपये भरले, पावती फाडली, सही केली, वीस रुपये घेतले, पुन्हा सही केली आणि पेटीला कुलूप लावून घरी आलो. कुठेतरी काहीतरी चुकत होतं, पण रजिस्टर जुळत होतं.

महिन्याने प्लास्टर निघालं. हाड धरलं होतं. पाय किंचित वाकडा राहिला, पण तो टेकायला लागला. त्या दिवशी तो अंगणात चारही पायांवर एक फेरी मारून आला आणि आम्ही सगळी उभी राहून बघत होतो. तेव्हा मी बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बारा कसे झाले, दुप्पट वर्गणी कशी भरली, तेरा भरून वीस कसे मिळाले.

“म्हणजे सात रुपये मिळाले,” ती म्हणाली.

“नाही, वीस मंजूर झाले.”

“आणि वर्गणीचे आतापर्यंत किती गेले?”

मी सांगायला लागलो. मध्येच थांबलो, परत पहिल्यापासून सुरू केलं. कुत्रा येऊन तिच्या पायाशी बसला. तिने वाकून त्याचा वाकडा पाय एकदा दाबून बघितला आणि म्हणाली, “त्याला यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून तो बरा झाला. तुम्ही हात धुऊन या, पानं वाढलीत.”